मोरीपासून सत्तेचाळीस फूट आठ इंच

फोन आला तेव्हा मी भिजवलेल्या अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यांची सालं काढत होतो. जानेवारीतला रविवार, सकाळचे अकरा चाळीस. दाणे माझ्या बायकोने, अहल्येनेच भिजत घातले होते. फोनवर तिचा भाचा गुरुदत्त होता.

“अण्णा, आत्या त्या दगडापाशी बसली. उठतच नाही.”

ती त्याच्या गाडीतून एका बारशाला निघाली होती. मलाही चल म्हणाली होती. वाटेत जुना शिलालेख आहे, बघू, म्हणाली. मी चौतीस वर्षं सरकारी भूमापक होतो. म्हटलं, “जन्मभर दगडच मोजले. सुट्टीच्या दिवशी पण दगड?” ती हसली आणि माझ्याशिवाय गेली.

व्हाइटफील्ड मागे टाकून तासभर गेलं की रस्त्याकडेला तो दगड आहे. छातीइतका उंच, वीतभर जाड. वर सूर्य आणि चंद्र कोरलेले, खाली हळेगन्नडात, जुन्या कन्नडात, ओळी. शेजारी निळी पाटी: कुणा राजाने दान दिलेल्या जमिनीची ही सीमा. आज दोन जिल्ह्यांची हद्दही तिथेच आहे.

तेराव्यानंतर मी मृत्यूच्या दाखल्यासाठी गेलो. अलीकडच्या कचेरीने पलीकडे पाठवलं, पलीकडच्यांनी अलीकडे. शेवटी एक कारकून म्हणाला, “सर, हद्द म्हणजे तो दगड. बाई दगडाच्या कुठल्या बाजूला होत्या, तेवढं मोजून आणा. तुमचंच काम आहे, सरी? बरोबर ना?”

माझंच काम होतं. त्या वेळी मी तिथे नव्हतो. निदान ती जागा तरी बरोबर लिहिली जावी, एवढंच मला हवं होतं.

गुरुदत्त तेव्हा गाडीतच थांबला होता; ती बसली होती ती जागा त्याने दाखवली. तिथे मी लोखंडी खुंटी ठोकली. रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यापासून पूर्वेकडे खुंटी सत्तेचाळीस फूट आठ इंच. दगडाचा मध्य एकेचाळीस फूट सहा इंच. म्हणजे ती दगडाच्या पूर्वेला, सहा फुटांवर. पलीकडचा जिल्हा.

तिथल्या कचेरीने पाहणीसाठी माणूस दिला. आठवड्याने त्याच्यासमोर पुन्हा टेप धरली. खुंटी तेवढ्याच अंतरावर. दगड त्रेचाळीस फूट सात इंच.

“सर, स्वल्प चुकलं असेल,” तो म्हणाला.

माझं मोजमाप दोन फुटांनी चुकत नाही. मी दगडाभोवती फिरलो. पायथ्याचं गवत जुनं, मुळं धरलेलं. मागच्या अंगाला चिकटलेलं वारूळ अखंड, त्यावर मुंग्यांची रांग. माती कुठेही उकरलेली नव्हती.

तिसऱ्या खेपेला मी एकटा गेलो. पंचेचाळीस फूट दहा इंच. शेळ्या घेऊन आलेली यल्लव्वा नावाची म्हातारी माझ्याकडे बघत उभी राहिली. मी तिला कन्नडात विचारलं, हा दगड कुणी हलवतं का?

“कोण हलवणार, अण्णा? दहा माणसांना उचलायचा नाही.”

“मग?”

“अक्का एकटी बसली होती ना,” ती म्हणाली, आणि शेळ्यांना हाकत निघून गेली.

चौथ्या खेपेला खुंटी दिसली नाही.

मी टेप लावली. दगडाचा मध्य सत्तेचाळीस फूट आठ इंच. बरोबर ती बसली होती तिथे. सूर्य एका जिल्ह्यात, चंद्र दुसऱ्यात. वारूळ तसंच, मुंग्या तशाच.

मी चपला काढल्या. दगडाला हात लावला. भर दुपारी तो गार होता. आयुष्यभर मी दगडांवरून जमीन ठरवली. दगडही काही ठरवत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. ती एकटी नव्हती.

मोरीच्या कठड्यावर बसून डबा खाल्ला. तासभर तिथेच एकटा बसून राहिलो. रस्त्यावर कुणी नव्हतं.

निघताना सवयीने पुन्हा टेप धरली.

सत्तेचाळीस फूट दोन इंच. सहा इंच मोरीकडे, मी बसलो होतो तिकडे.

दगडाच्या पूर्वेकडच्या पायाशी, जुन्या गवतातून, खुंटीचं डोकं वर आलं होतं.

मी पुन्हा मोजलं नाही. तेव्हापासून तिकडे गेलेलो नाही. दाखल्याचा अर्ज कपाटात आहे. नाव, वय, तारीख, वेळ, सगळं लिहिलं आहे. मृत्यूचं ठिकाण लिहायचं राहिलं आहे.