टेकडीमागचे अकरा सेकंद

मी घड्याळं दुरुस्त करतो. छत्तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळं दोन खोडी अंगात मुरल्या आहेत. मान कायम डावीकडं झुकलेली असते, आणि वेळेबद्दल कोणी ‘साधारण’ म्हटलं की माझं डोकं उठतं. म्हणून इथले सगळे आकडे मी स्वतः मोजलेले आहेत. ज्या गोष्टींना आकडा नाही, त्यांना माझा इलाज नाही.

माझी मुलगी हाडांच्या दवाखान्यात रुग्णांकडून व्यायाम करून घेते. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. एकोणतीस वर्षांची झाली तरी नाव तेच. भंगारात निघालेली एक जुनी गाडी आम्ही दोघांनी दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून उभी केली. दोन दारं, लांबलचक नाक, आठ सिलिंडर. ‘बापलेकीनं दारात हत्ती आणून बांधलाय,’ असं हिची आई सगळ्यांना सांगायची.

त्या हत्तीला आम्ही टर्बो बसवला. टर्बो म्हणजे धुराच्या झोतावर फिरणारं पातं. ते इंजिनात जादा हवा कोंबतं. पण पात्याला वेग यायला थोडा वेळ लागतो. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी विचारात पडल्यासारखी होते, आणि मग मागून कोणी ढकलावं तशी उसळते. हा मधला वेळ मी मोजला होता. नऊ दशांश सेकंद.

सुरुवातीला आम्ही एका बंद कारखान्याच्या आवारात जायचो. मोकळ्या डांबरावर नारिंगी शंकू मांडलेले असत. एका वेळी एकच गाडी त्यांच्यामधून नागमोडी न्यायची, शंकू पडला की वेळेत दोन सेकंद वाढवायचे. पहिल्या दिवशी भिंगरीनं नऊ शंकू आडवे केले आणि एक बंपरखाली अडकवून माझ्यापर्यंत आणला. पोट धरून हसत होती. दोन महिन्यांत तिचा हात बसला.

“बाबा, पाय दाबल्यावर गाडी थांबते ना, तेवढंच मला सगळ्यात आवडतं,” ती एकदा म्हणाली.

“ते नऊ दशांश सेकंद?”

“तुम्ही मोजता तेव्हा तेवढं भरत असेल,” ती म्हणाली आणि हेल्मेट घालून निघून गेली.

मग आम्ही खऱ्या ट्रॅकवर जायला लागलो. गावाबाहेर, गवताळ उतारांमध्ये वळणं घेत गेलेला रस्ता. पाच वळणांनंतर तो एका बुटक्या टेकडीमागं जायचा. तिथं अकरा सेकंद गाडी दिसायची नाही. नवल म्हणजे आवाजही यायचा नाही. फेरीची वेळ लिहिणारे एक निवृत्त गृहस्थ होते. ते म्हणाले, “टेकडी खाते हो आवाज.” मला ते पटलं.

त्या रविवारी पेट्रोलची टाकी काठोकाठ भरलेली होती. सहा फेऱ्यांत रिकामी झाली. मी गाडीखाली झोपून एकेक नळी तपासली. कुठं थेंबभरही गळती नव्हती.

“पाय जड झालाय पोरीचा,” ते गृहस्थ म्हणाले. पण त्यांच्या वहीत सहाही फेऱ्या एक मिनिट बावन्न सेकंदांच्या होत्या. माझ्या घड्याळातही.

मी तिला पाणी दिलं. बाटली तोंडाला लावून तिनं एका दमात संपवली. तेव्हा तिचा अंगठा मला दिसला. सकाळी नळीची पट्टी आवळताना तो कापला होता, चांगला खोल. मीच चिंधी बांधली होती. आता चिंधी नव्हती. जखमही नव्हती. तिच्या जागी एक पांढरट, जुना वण होता.

“आई कशी आहे?” तिनं विचारलं.

“म्हणजे काय? सकाळी तिच्याच हातचा चहा पिऊन निघालीस ना?”

तिनं बाटलीचं झाकण सावकाश लावलं. मग हळूच म्हणाली, “हो. खरंच की.”

टाकी पुन्हा भरली आणि पुढच्या फेरीला मी तिच्या शेजारी बसलो. तिनं नको म्हटलं नाही. फक्त माझा पट्टा स्वतः ओढून तपासला, मी तिचा लहानपणी तपासायचो तसा.

पाच वळणं नेहमीसारखी गेली. पोट डावी-उजवीकडं हेलकावत होतं, टायर कण्हत होते. टेकडी आली. भिंगरीनं पाय दाबला, आणि गाडी विचारात पडली.

ती पडूनच राहिली.

इंजिनाचा आवाज दूर गेला, शेजारच्या खोलीत कोणी दार ओढून घ्यावं तसा. वळण यायला हवं होतं तिथं रस्ता सरळ पुढं गेलेला होता. फिकट, रुंद, कडेला कमरेएवढं गवत. ऊन उतरतीचं होतं, आणि ही फेरी तर आम्ही सकाळी अकराला सुरू केली होती. मी मनगटावर पाहिलं. सेकंदकाटा अडकलेला नव्हता. अडकलेला काटा मी ओळखतो. हा एका खुणेवरून निघाला होता, आणि दुसरीवर पोचायचा होता.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. दुपारी जेवून आडवं झाल्यावर गात्रं सैलावतात तसं काहीतरी झालं. गाडी चालत होती. भिंगरी एका हातानं चाक धरून निवांत बसली होती. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

मग एक घर आलं. बसकं, पिवळ्या दाराचं. दोरीवर कपडे वाळत होते. भिंगरीनं वेग कमी केला, खिडकीची काच उतरवली आणि घराकडं बघून म्हणाली, “आज नाही थांबत. बाबा आहेत बरोबर.”

दारात कोणी नव्हतं. पण दार आतून लोटलं गेलं, समजूतदारपणे.

त्यानंतर धक्का बसला. पाठ सीटवर आदळली, इंजिन डरकाळलं, टेकडी सरली आणि समोर फेरी संपते तिथला झेंडेवाला दिसला.

एक मिनिट बावन्न.

हेल्मेट काढताना ते गालाला खरखरीत लागलं. मी सकाळी दाढी केली होती. हनुवटीवरून हात फिरवला. दोन दिवसांचे खुंट होते.

“कुठं जातेस तू?” मी विचारलं.

“जात नाही बाबा. दाबते आणि वाट बघते.”

“किती वेळ?”

“आधी तासभर असायचं. मग दुपारभर.” ती अंगठ्यावरचा वण चोळत होती. “आता नाही मोजत.”

“बास झालं. घरी चल.”

“एकदा जाऊन येऊ दे. असं न सांगता कसं निघून यायचं?”

मी गाडीची किल्ली काढून घेऊ शकलो असतो. माझ्या हाताशीच होती. पण तिचा चेहरा मला माझ्यापेक्षा समजूतदार वाटला. माझा हात उचललाच गेला नाही.

ती गेली. मी कठड्याला धरून उभा राहिलो. पाच वळणं. टेकडी.

एक. दोन. तीन.

गवतावरून वारा येत होता. गृहस्थ वहीत काहीतरी लिहीत होते.

आठ. नऊ.

दहा.

अकराव्या सेकंदाला लांब नाक टेकडीबाहेर आलं.

भिंगरी उतरली. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या होत्या. कपाळावरच्या बटेत पाच-सहा पांढरे केस होते. तिनं मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. “आता नाही जाणार,” ती म्हणाली. परतताना गाडी मी चालवली, अगदी सावकाश. तिनंच तसं सांगितलं होतं.

संध्याकाळी हिची आई म्हणाली, “किती दमलीस गं!” आणि तिला पोटभर वाढलं. जेवण झाल्यावर भिंगरी सोफ्यावर बसली. मी कसल्याशा गोष्टीवर मोठ्यानं बोललो, तसं तिनं ओठावर बोट ठेवलं.

“हळू ना बाबा. आत्ताच डोळा लागलाय.”

“कोणाचा?” आईनं विचारलं.

भिंगरी दचकली. “कोणाचा नाही,” म्हणाली आणि उठून ताटं गोळा करायला लागली.

मी बाहेर गाडीपाशी गेलो. उजेड होता अजून. दार उघडून सीट पुढं ढकललं आणि मागं वाकून पाहिलं. आमच्या गाडीत मागं कधीच कोणी बसलेलं नाही. डाव्या कोपऱ्यातला पट्टा ओढून ओढून लहान मुलाच्या मापाचा, वीतभर केलेला होता, आणि लावलेला होता. त्याच्या आत काही नव्हतं. पण तो लोळत पडलेला नव्हता. पुढून किंचित फुगीर उभा होता, आणि सावकाश खालीवर होत होता.

मी दार लोटून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून, हाताचा आधार देऊन.