दुसऱ्या बाटलीतला खोकला

"काय चोरून नेऊन राहिली गं पिशवीत?"

बेबीताईंनी दाराच्या कडीवर हात ठेवून सुनेची वाटच अडवली. विनताच्या पिशवीत होती इवलीशी प्लास्टिकची बाटली, तिच्यावर सासऱ्यांचं, भाऊरावांचं, नाव आणि आत सकाळचा पहिला कफ.

"आई, बाबांच्या छातीच्या फोटोत डाग आलाय ना... तपासायला तीन सकाळी कफ द्यावा लागतो. आज तिसरा."

"सासऱ्याची थुंकी सून घेऊन हिंडते, असं कुठं ऐकलं नाही बाई. अच्छा, जा. पण मी काही डोळे मिटून नाही बसली."

त्यांचे डोळे मिटायचे कसले... सराफ्यात सोनारानं गुंजभर खोट मिसळली, तर इकडे घरात यांना ठसका लागावा, अशी ती नजर! लग्नाला बारा वर्षं झाली, पण सुनेनं दिलेला चहा त्या अजून आधी हुंगत आणि मग पीत. विनता मुकाट सोसायची. नवरा योगेंद्र नागपूरला नोकरीत, शनिवारी नदीवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून यायचा. रडायचं तरी कुणापाशी?

सिव्हिल लाइन्समधल्या लॅबमध्ये तिचं काम हेच. कफ काचेवर पसरायचा, रंगांत बुडवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी न्याहाळायची. त्या दिवशी तिन्ही बाटल्यांच्या काचा तिनं एकदम मांडल्या. पहिलीत काळे ठिपकेच ठिपके, भाऊरावांच्या चाळीस वर्षांच्या बिड्यांचा धूर पेशींनी गिळून ठेवलेला. पण वाईट काही नाही. दुसरीत काळा ठिपका औषधालाही नाही... आणि वेड्यावाकड्या, फुगलेल्या केंद्रांच्या पेशींचे घोसच्या घोस. तिसरीतही तेच.

विनतानं बाटल्यांवरची नावं पुन्हा वाचली. एका माणसाची छाती सोमवारी चूल आणि मंगळवारी देवघर कशी होईल? नावं तर तिनंच लिहिली होती. मग आतला कफ बदलला कुणी? घरात माणसं तीन. त्यातला एक स्वतः रोगी, एक ती स्वतः...

लॅबच्या डॉक्टर चंद्रशेखरांनी तिन्ही काचा पाहिल्या.

"ग्रंथीच्या पेशींतून उठलेला कॅन्सर दिसतोय. बिडी न ओढणाऱ्या बायकांनाही होतो हा. कॅन्सरची जात पक्की करायला छातीतला तुकडा काढून आणखी रंग द्यावे लागतील. पण विनता, हा कफ आहे कुणाचा?"

दुपारी ती घरी आली तेव्हा बेबीताई मेथी निवडत होत्या.

"आई, कालची आणि आजची बाटली कुणी भरली?"

बेबीताईंचा हात थांबला. "पकडलंस म्हणजे... तू यांच्यावर काही करणी करून राहिली, असं वाटलं मला. खरं सांगू? तेवढंच नाही. यांचं वाईट निघेल म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता. म्हटलं, मी कधी बिडीला हात नाही लावला, आपली छाती साफ. खिडकीतली यांची बाटली उचलली, धुतली अन् त्यात माझा कफ भरून ठेवला. कागद साफ आला, की हे सुखानं झोपतील. बस."

बारा वर्षांच्या अपमानाचं उत्तर विनताच्या ओठांवर होतं... पण तिथं नुसता हुंदका आला.

"खोकला कधीपासून आहे, आई?"

"दिवाळीपासून. काहून?" आणि सुनेच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता त्या बाईला सगळं कळलं. मेथीची काडी हातातच राहिली. "यांचं?"

"पहिल्या बाटलीत वाईट काही नाही. पण डाग आहे, परत नीट तपासावं लागेल."

"अन् माझं?"

"औषधं आहेत, आई. रोगाच्या जातीप्रमाणे वेगळी असतात. मी रोज तुमच्यासोबत येईन... एकटं नाही सोडणार."

बेबीताईंनी मेथीची काडी खाली ठेवली. मग पदरानं त्यांनी आधी सुनेचे डोळे पुसले, स्वतःचे तसेच वाहत राहिले.

"चल, यांना सांगू. तूच बोल पोरी... मी सांगितलं, तर यांना वाटेल, म्हातारी पुन्हा काही लपवून राहिली."