पायत्याची शेगडी

पिंकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा मालनबाईंनी तीन वर्षं बंद असलेली मधली खोली उघडली. तिच्या भावानं, सिद्धोधननं बाज बाहेर काढली, नवार कसली, खोलीला चुना मारला. त्याची बायको संघप्रिया हिला आई नव्हती. म्हणून तिचं बाळंतपण सासरीच, याच बाजेवर झालं होतं. बाविसाव्या दिवशी ती मळ्यातल्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं मालनबाईंनी गावाला सांगितलं. पुढं सिद्धोधनही तेच सांगू लागला. मागं लेक राहिली, ती आता तीन वर्षांची.

पिंकी बाळंत झाल्यावर, सकाळी सेलूला कापसाच्या जिनिंगवर कामाला जायच्या आधी तो बाजेखाली दोन शेगड्या ठेवायचा. एक उशाकडं, एक पायत्याला. मालनबाई निखाऱ्यांवर ओवा, शेपा टाकायच्या. बाराव्या दिवशी पायत्याची शेगडी विझली.

"कोळसाच वला," मालनबाई म्हणाल्या.

कोळसा बदलला. दुसऱ्या दिवशीही विझली. सिद्धोधनने राखेत बोट घातलं. राख चिखलासारखी झाली होती, तिला शेवाळाचा वास होता. एप्रिल महिना होता, आणि वर पत्र्याला एक भोक नव्हतं.

पिंकी भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. बाळ रडलं की पाजायची, पण त्याच्याकडं बघायची नाही.

"लय सोशिक हाय माझी लेक. जराबी कुरकुर न्हाई," मालनबाई शेजारणीला सांगत होत्या. सिद्धोधनच्या हातातला घास हातातच राहिला. संघप्रियाबद्दलही त्या हेच सांगायच्या.

रविवारी गावची आशा सेविका बबिता बाळाचं वजन करायला आली. वजन झाल्यावर ती बराच वेळ पिंकीशी हळू बोलत बसली. मग अंगणात आली.

"दादा, बाळ बेस हाय. आईचं बघा. बाळंतपणानंतर व्हतो हा आजार. याला डॉक्टर हाय, गोळ्या हायत. आजच परभणीला न्या."

"सव्वा महिना बाळंतीण उंबरा वलांडती व्हय?" मालनबाई उसळल्या. "आमी पाच बाळंतपणं काढली. आमाला कुणी इचारलं?"

"न्हाई इचारलं, काकू. म्हणून तर मी इचारायलेय."

सिद्धोधन खाली बघत म्हणाला, "सकाळी बघू."

बबिता गेली. तो बाळ पिंकीला द्यायला आत गेला. ती भिंतीकडंच बघत बोलली.

"दादा, वहिनीला बी असंच म्हणला होतास."

"काय?"

"ती म्हणली, पोरीला हात लावला तरी मला कायच वाटंना. तू म्हणलास, झोप आता, सकाळी बोलू."

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

पिंकीनं मान वळवून पायत्याकडं पाहिलं. तिथं नवार खोल गेली होती. पिंकीनं तर पाय पोटाशी घेतले होते.

बाजेखाली निखारा चर्रकन वाजला.

 त्यानं बाळाला दुपट्यात गुंडाळलं, पिंकीला हाताला धरून उठवलं. मालनबाई दारात आडव्या झाल्या.

"सरक, आई. संघप्रियाचा पाय घसरला नव्हता."

त्या सरकल्या.

देवगाव फाट्यावरून त्यांना दोनची एसटी मिळाली. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी तासभर ऐकून घेतलं. पिंकी हुंदके देऊन रडली. बाई म्हणाल्या, "हा आजार आहे, तुझा दोष नाही. बरी होशील. गोळ्या मधेच सोडू नको. आणि हिला एकटं ठेवू नका."

महिन्याभरानं पिंकी आईशी भांडू लागली. "अगं किती लाडू कोंबशील? फुगून म्हैस व्हायलेय मी!" मालनबाई पदरात तोंड घालून हसल्या, मग तशाच रडल्या. तोवर पायत्याची शेगडी पुन्हा कधी विझली नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पिंकीला सासरी पोचवून तो परतला. दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन उंबऱ्यावर आलं होतं. त्याच्या खाटेवर, पायत्याशी, गोधडी ओली होती.

शेवाळाचा वास आला.

तो उठून बसला. पाय आखडून घेतले, जागा केली.

"सकाळ झाली," तो म्हणाला. "बोल."

पायत्याची नवार हळूहळू खाली गेली.