वाचलेलं डिझेल

गोकुळची गोष्ट सांगतो, पोरांनो. खोटी वाटली तर सिल्लोडला जाऊन त्यालाच विचारा. फक्त दिवसा विचारा.

गोकुळ तात्यासाहेबांच्या ट्रकवर ड्रायव्हर. कापसाच्या गाठी जळगावला टाकायच्या, रिकामं परत यायचं. आधी पगार फेरीवर होता, तेव्हा सगळे गाड्या पिटाळायचे अन् डिझेल पाण्यासारखं जायचं. मग मालकानं डोकं चालवलं. डिझेल मोजून भरायचं, टाकीला कुलूप, उरेल त्याचे पैसे ड्रायव्हरला. झालं! गडी अजिंठ्याचा घाट इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरू लागले. इंजिन बंद पडलं की ब्रेकची हवा संपत जाते, हे ठाऊक असूनही. त्यातलाच एक ड्रायव्हर, केरबा, तसाच गेला, तिसऱ्या वळणावर. मालक म्हणाले, "मी सांगितलं होतं का न्यूट्रल मारायला?"

यंदाची पौष अमावस्या. रविवार, रात्रीचे पावणेदोन. लेकीची नर्सिंगची फी मंगळवारी भरायची होती आणि चारशे रुपये कमी पडत होते. घाटमाथ्यावर गोकुळनं इंजिन बंद केलं.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. ब्रेक दाबला... लागेना. पुन्हा दाबला...

शेजारची सीट रिकामी होती. तिथूनच आवाज आला. दमलेला.

"गोकुळ... गेर टाक."

"केरबादादा?"

"लेक हाय ना तुला... टाक."

गोकुळचे दोन्ही हात स्टेअरिंगवर. दांडी आपोआप सरकली. खाडकन् दुसरा गेर पडला. गाडी थरथरली... रेंगाळली... कठड्याला टेकून थांबली.

शेजारी कोणी नाही.

सोमवारी दुपारी तो जळगावहून परतला. तात्यासाहेबांनी टाकीत काठी घातली. एरवी तीन-चार लिटर उरायचं. त्या दिवशी पंचवीस! फीची सोय झाली.

संध्याकाळी मालकांनी सगळ्या ड्रायव्हरांना बोलावलं. "गोकुळला जमतं, तुमाला का नाय? उद्यापासून वीस लिटर कमी."

"मालक, ते केरबादादाचं डिझेल हाय," गोकुळ कळवळून म्हणाला. मालक हसले. आता रामहरी, कृष्णा, सगळेच तो घाट इंजिन बंद करून उतरतात. दुसरा इलाजच ठेवला नाही. मेलेल्याच्या दयेवरसुद्धा कात्री चालवणारी मालकांची जात ही, चीड येते नुसती!

डिझेल आलं कुठून, देव जाणे. टाकीचं कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली रात्रभर मालकांच्या उशाखाली होती.