बत्तीस मिनिटांची साक्ष

नलूने कागदाची प्रत रंजिताच्या टेबलावर आपटली. "सही माही नाई. वावर म्या सोडलं नाई, सोडणारबी नाई!"

रंजिता वर्ध्यात खाजगी तपासाची कामं करायची. पन्नाशीचा निकेश तिचा कामातला जोडीदार. माणूस भला, पण अंमळ उतावळा.

कागद बारा तारखेचा होता. वडनेरचं दोन एकर वावर नलूने भाऊ धनंजयला सोडलं, असं त्यात लिहिलं होतं. साक्षीदार चुलते मनोहरराव. त्यावरून धनंजयच्या नावाची सात-बाराची नोंद व्हायची होती, सोमवारी त्याची सुनावणी होती. कागद टिकला की वावर गेलंच.

"बाराले कुठं होत्या?"

"अडीचपर्यंत हिंगणघाटच्या बाजारात, वांगे विकत. मंग वर्ध्याले दवाखान्यात पोरीजवळ. चार दिवस हालली नाई." नर्सनेही तेच सांगितलं.

धनंजय हिंगणघाटला घरीच भेटला. "दोन वाजता इथंच सही केली तिनं. काकाजी हैदराबादहून विमानानं आलते. बत्तीस मिनिटं लागते. नागपूरहून म्या गाडीनं आणलं."

मनोहरराव बोरगाव मेघेला राहायचे. त्यांनी चहा पाजला. नातवाच्या बारशाचा फोटो घरच्या ग्रुपवर होता, बारा तारखेचाच, हैदराबादचा, अन् त्यात तेही होते.

"अकरा वाजता पाळण्याजवळ फोटो काढला अन् निघालो," ते म्हणाले. "बत्तीस मिनिटाचं तर विमान!"

"तिकीट?"

"तिकिटं काय जपून ठेवतेत?"

बाहेर येताच निकेशने मोबाइल पाहिला. "मॅडम, दोन विमानतळांत चारशे तेहतीस किलोमीटर. बत्तीस मिनिटं. वर दीड तास गाडी. जमते की!"

रंजिता हसली. निकेशला ते हसू मुळीच आवडलं नाही.

सोमवारी सगळे मंडळ अधिकाऱ्यासमोर बसले होते. रंजिता उठली.

"दोघांनी एकच आकडा सांगितला, अन् निकेशभाऊले तोच मोबाइलवर दिसला. तो सरळ रेषेचा हिशेब आहे, विमान सारखं ताशी आठशेनं पळालं असं धरून. चढणं, उतरणं, धावपट्टीवर थांबणं त्यात नाई. खरं विमान तासाच्या वर घेते. त्यात बसलेला माणूस बत्तीस म्हणणार नाई."

मनोहररावांनी उपरणं सावरलं.

"घरून विमानतळ एक तास. तासभर आधी हजेरी. तासाभराचं विमान. ते हिंगणघाटावरूनच पुढं जाते, पण सोडते नागपूरले. तिथून मागं दीड तास. अकराचा माणूस साडेतीनच्या आत हिंगणघाटले येत नाई. नलूबाई तर अडीचलेच निघाल्या. मंग यांनी सही पाहिली कवा?"

"काकाजी, बोला ना!" धनंजय ओरडला.

म्हाताऱ्याची मान खाली गेली. "म्या विमानात बसलोच नाई कधी. रेल्वेनं आलो. तेराले तू कागद घरी आणला. नलूची सही त्यावर आधीच होती."

अधिकाऱ्याने नोंद नामंजूर केली. नलूच्या डोळ्यांत पाणी होतं, मान मात्र ताठ होती.

दारात धनंजय आडवा आला. "आता राखीले कोणत्या तोंडानं येशील?"

"याच तोंडानं," नलू म्हणाली. "आपल्या वावरातून सिधी येईन. हात पुढं करायचा का नाई, ते तू पाह्य."