बुरुलच्या डाव्या खांद्यामागे

डोंगरातल्या आमच्या कोचकोर गावच्या बाजारात बुरुलचा फोटो स्टुडिओ कुणालाही विचारा, बोट दाखवतील. एका अंगाला खोगीरवाला, दुसऱ्या अंगाला दह्या-लोण्याचं दुकान आणि मधल्या चिंचोळ्या खोलीत ही बाई. पोट चालायचं ते पासपोर्टच्या फोटोंवर. नाव झालं होतं मात्र दुसऱ्याच गोष्टीमुळे. बुरुलच्या फोटोत माणसं हसायची.

आमच्याकडे माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की त्याचा चेहरा कोर्टात साक्ष द्यायला आल्यासारखा होतो. सासरे, जावई, नवरा, नवरी, सगळे ताठ. अशा माणसांना बुरुल हसवायची कशी, हे कुणाला कळलं नाही. ती स्वतः फारशी विनोदी नव्हती. उलट कामात असली की एकदम गप्प. "त्यांच्या पोटात हसू असतंच. मी फक्त वाट बघते," असं ती म्हणायची, आणि हे म्हणताना तिच्या आवाजात थोडी ऐट असायची. असणारच. त्या ऐटीवरच ती इतकी वर्षं एकटी, ताठ मानेनं जगली होती.

सप्टेंबरातली गोष्ट. कुरणांवरचे तंबू उतरून गावाकडे यायला लागले होते, बाजारात सफरचंदांचे ढीग लागले होते. एका सकाळी सोनुनबुबु स्टुडिओत शिरली. ही बुरुलची शाळेपासूनची मैत्रीण, आता गावच्या संस्कृती भवनाची प्रमुख. एका हातात गरम बोरसोकांचं, म्हणजे तळलेल्या पिठाच्या तुकड्यांचं भांडं, दुसऱ्या हातात जर्दाळूचा मुरंबा.

"भिंत मोकळी केलीय तुझ्यासाठी," ती म्हणाली. "पहिलं प्रदर्शन. प्रत्येक प्रकारातला एक फोटो दे. तुझा सगळ्यात लाडका. एकच हं! नाहीतर तू अख्खं गाव टांगशील."

"लाडका एक निवडायचा म्हणजे पोटच्या पोरांत भेदभाव करायचा."

"तुला कुठं आहेत पोरं?"

"हीच की माझी पोरं. तुझ्या पोरांपेक्षा बरी आहेत. एका जागी बसतात तरी."

सोनुनबुबु खो खो हसली आणि दोघी खाली गालिच्यावर खोके उघडून बसल्या. बुरुल एकेक फोटो हातात घ्यायची, तळहातानं पुसायची आणि त्या दिवसात शिरायची. तिला इतकं खुशीत सोनुनबुबुनं कधी पाहिलं नव्हतं.

खेळांपैकी तिनं काढला तो अगदी जुना, फिल्मवरचा, घोड्यांवरून मेलेला बोकड पळवायच्या खेळाचा, कोक-बोरूच्या सामन्याचा. चिखल उडतोय, घोडे एकमेकांवर चढलेत, सगळ्या स्वारांचे दात आवळलेले. आणि मधोमध गावातलाच एसेनकुल, घोड्यावरून जमिनीपर्यंत लोंबकळतोय, मुठीत बोकडाचा पाय, आणि चेहऱ्यावर लहान पोरासारखं हसू. "हा फोटो घेतला तेव्हा मी पोरगीच होते. घरी येईपर्यंत रस्ताभर गात आले होते बघ."

निसर्गातला निवडला तो सोंग-कोल तळ्याचा. गारपीट होऊन गेलेली, पाणी शिशासारखं, काठावर पन्नासएक घोड्यांचा कळप, सगळ्यांच्या माना वर आणि कान टवकारलेले. लग्नांपैकी शेजारच्या दह्यावालीचा, कुंदूझचा. आई लेकीच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधताना ढसाढसा रडतेय आणि नवरी मात्र ओठ दाबूनही फुटलेलं हसू आवरू शकत नाहीये. व्यक्तिचित्रांत मारिपा-आपाचा, बटाट्याच्या पोत्यावर बसलेल्या म्हातारीचा. तोंडात एकच दात, आणि तोही हसतोय असं वाटावं. पुढच्या हिवाळ्यात आपा गेली. घरच्यांनी कबरीच्या दगडावर हाच फोटो कोरून घेतला. आमच्या कबरस्तानात एवढी एकच बाई हसते.

"एक गंमत सांगू?" बुरुल म्हणाली. "हे चारही फोटो काढताना मला आर्चाच्या झुडपाच्या धुराचा वास आला होता. कुणीतरी जवळपास डहाळी पेटवल्यासारखा. आणि छातीत एकदम हलकं वाटलं. तो वास आला की मी समजते, आज काम झालं."

सोनुनबुबुनं मुरंब्याची बोटं चाटली आणि फोटोंवर वाकली. मग वाकलेलीच राहिली.

"बुरुल… हे कुणाकडे बघतायत?"

"कोण?"

"सगळेच. तुझ्याकडे कुणीच बघत नाहीये. कॅमेरा इथे, आणि यांचे डोळे बघ. इथे… तुझ्या डाव्या अंगाला."

बुरुलनं पाहिलं. आयुष्यभर जे फोटो पाठ होते, तेच पाहिले. एसेनकुल डावीकडे बघून हसत होता. कुंदूझ डावीकडे. आपा डावीकडे. घोड्यांच्या त्या अख्ख्या कळपाचे कानसुद्धा तिकडेच वळलेले होते.

"बरोबर कोण असायचं तुझ्या?"

"कुणी नाही. तुला ठाऊक आहे, मला कामात माणूस खपत नाही."

बाहेर बाजाराचा गलका चालूच होता.  कुंदूझचं दुकान शेजारीच, म्हणून सोनुनबुबुनं भिंतीवर मूठ आपटून तिला हाक मारली. कुंदूझ दह्याचे हात पुसत आली. आता तीन लेकरांची आई, अंगानं भरलेली. फोटो पाहून ती पुन्हा हसायला लागली. बुरुलला ती एजे, म्हणजे ताई म्हणायची.

"एजे, ते आजोबा! अजून आठवलं तरी हसू येतं मला. आई इकडे रडतेय, सगळ्या बाया रडतायत, आणि तुमच्या मागं दाराशी उभा राहून तो म्हातारा गाल फुगवून बकरीसारखा बें बें करतोय. ठेंगणा, पांढरी टोपी पार कानांवर ओढलेली."

"कुठला म्हातारा?" बुरुलनं विचारलं.

"तुमच्याबरोबर आलेला ना? मला वाटलं तुमचे वडील."

बुरुलनं भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बोट केलं. दाढीवाला, चांगला उंच माणूस.

"छे, हे नव्हेत." कुंदूझचं हसू ओसरलं. "मग ते कोण, एजे?… मी तर त्यांना जेवायलाही वाढलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी सोनुनबुबुच्या खटारा गाडीतून एसेनकुलच्या घरी गेल्या. त्याचे आता केस पिकलेले, पाय लंगडा. अंगणात तो गवताची गंजी रचत होता. पाहुण्या आल्या म्हणताच त्यानं घोडीच्या दुधाचा आंबट कुमिस ओतला आणि फोटो हातात घेऊन डोळ्यांशी धरला.

"हा सामना आपण हरलो होतो," तो म्हणाला. "आणि हरलो ते तुझ्या त्या म्हाताऱ्यामुळे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"अगं, इकडे आम्ही जिवावर उदार होऊन खेळतोय, आणि तिकडे पार मैदानाच्या टोकाला, पॉप्लरच्या रांगेपाशी, हा बुवा काठीवर बसून घोडा घोडा करतोय! स्वतःच टाप वाजवतो, स्वतःच खिंकाळतो. मी बोकड उचलायला वाकलो आणि तो दिसला. हसता हसता हातातून बोकड सुटला. आमच्या कप्तानानं मग आठवडाभर शिव्या घातल्या."

"पॉप्लरपाशी?" बुरुलनं विचारलं. "इतक्या लांब?"

"हो, तुझ्या पाठीमागे, चांगला लांब."

 परतताना गाडीत बुरुलनं मांडीवरचे फोटो वर्षांप्रमाणे लावले. एसेनकुलची नजर पार लांब गेलेली. सोंग-कोलच्या घोड्यांची त्याहून जवळ, मधल्या टेकाडावर. कुंदूझची दाराशी. आणि मारिपा-आपाची… बुरुलनं हात पुढे धरून मापलं. आपाची नजर कॅमेऱ्याला जवळजवळ चिकटून होती. बुरुलच्या कानाशी.

"आपा त्या दिवशी काहीतरी म्हणाली होती," ती हळूच म्हणाली. "'त्याला म्हणावं पुरे कर, माझं पोट दुखायला लागलं.' मला वाटलं, वय झालं, भ्रमिष्टासारखं बोलतेय…"

सोनुनबुबुनं गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला मेंढ्या चरत होत्या, ऊन स्वच्छ होतं, आणि दोघींच्या अंगावर काटा आला होता.

"मैदानाच्या टोकापासून कानापर्यंत," सोनुनबुबु पुटपुटली. "आता पुढे कुठे येणार गं तो?…"

बुरुलला भीती वाटलीच. पण त्याहून जास्त दुसरंच काही टोचत होतं, आणि ते तिनं घरी पोचल्यावर एसेनकुललाच फोन करून विचारलं. "म्हणजे हसवलं त्यानं. मग माझं काय? मी नुसतं बटण दाबत होते आयुष्यभर?"

पलीकडून घोडा फुरफुरल्यासारखा हसण्याचा आवाज आला. "अगं बाई, त्या दिवशी मैदानाभोवती निम्मं गाव होतं. एकानं तरी पाहिलं का मला हसताना? कप्तानानं पाहिलं, पण त्यानं शिव्या दिल्या. तू पाहिलंस आणि ठेवलंस. तो म्हातारासुद्धा आला असेल तो तुझ्यासाठीच. दुसऱ्या कुणासाठी एवढं माकड व्हायला तो काय वेडा आहे?"

फोन ठेवल्यावर बुरुल थोडी रडली आणि मग तिला हसूच आलं.

सोनुनबुबुचं म्हणणं पडलं की फोटो बदलू, फुलांचे लावू, मुल्लाला बोलावून पठण करून घेऊ. बुरुल ऐकेना. "माझे लाडके हेच आहेत. ज्यानं हसवलं त्याला भिंतीवरून उतरवायचं आणि ट्यूलिप टांगायचे? मला नाही जमणार." गुरुवारी तिनं कढईत तेल कडकडीत तापवलं आणि बोरसोक तळले. तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो म्हणतात. आपले मेलेले ती नावानं आठवत गेली, आणि शेवटचा घाणा हातात घेऊन अडली. मग म्हणाली, "आणि हा तुझा, जो कोण असशील तो." बाकीचे तिनं बाजारात वाटून टाकले.

प्रदर्शनाच्या दिवशी संस्कृती भवनात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं आली ती सणाला आल्यासारखी. एसेनकुल स्वतःच्या फोटोसमोर ठाण मांडून बसला आणि येईल त्याला सामन्याची गोष्ट सांगत सुटला. दर वेळी बोकड थोडा जड होत होता. कुंदूझची आई लेकीचा फोटो पाहून पुन्हा पहिल्यासारखीच रडली, आणि कुंदूझ पुन्हा पहिल्यासारखीच हसली. मारिपा-आपाच्या फोटोसमोर तिची नातवंडं दाटीवाटीनं उभी होती, आणि मग त्यातली सगळ्यात धाकटी तिच्यासारखंच तोंड करून दाखवायला लागली. सगळं सभागृह हसत होतं. बुरुल कोपऱ्यात उभी राहून हे डोळ्यांनी पीत होती. आर्चाचा वास कुठेच नव्हता. तेवढं तिनं दोनदा हुंगून पाहिलं.

"बास झालं कोपऱ्यात लपणं," सोनुनबुबुनं तिच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. "आयुष्यभर मागं राहिलीस. आज पुढे हो. सगळ्यांनी गोळा व्हा रे!"

खुर्च्या सरकल्या. म्हातारे बसले, पोरं पुढे मांडी घालून बसली, आणि बुरुलला मधोमध उभं केलं. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. चेहरा साक्षीदाराचा झाला.

"दात दाखव की!"

"मला नाही येत असं…" ती म्हणाली, आणि त्याच क्षणी तिला हसू फुटलं. तिलाच नव्हे, सगळ्यांना. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत अख्खं सभागृह एकदम खदखदलं. एसेनकुल खुर्चीवरून घसरला. सोनुनबुबुनं बटण दाबलं.

मग दोघी मैत्रिणी कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकं डोक्याला लावून वाकल्या. एकूणएक चेहरा हसत होता, आणि एकूणएक नजर सरळ समोर होती. डावीकडे एकही डोळा वळलेला नव्हता.

"गेला!" सोनुनबुबुनं सुस्कारा सोडला. "तुझ्या बोरसोकांनी पोट भरलं त्याचं. बघ, सगळे कसे नीट कॅमेऱ्याकडे बघतायत."

बुरुलला बरं वाटलं, आणि थोडं ओकंबोकंही.

"तू केलंस तरी काय?" तिनं विचारलं. "एकदम सगळे हसले ते?"

"मी?… मी तर कॅमेऱ्याला डोळा लावून उभी होते. मला वाटलं, तूच काहीतरी बोललीस. बाकीच्यांना विचारलं, तर का हसलो ते कुणालाच सांगता येईना."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरुल उठली तेव्हा खिडकीतून ऊन थेट खुंटीवर पडलं होतं. खुंटीला काल घातलेलं हिरव्या मखमलीचं जाकीट टांगलेलं. डाव्या खांद्यावर मखमल दबली होती. तिनं ब्रशनं झटकलं, मग वाफ दिली. मखमल उभी राहीना. तिनं जाकीट अंगात चढवलं, आरशासमोर उभी राहिली आणि दबलेल्या खुणांवर आपली बोटं एकेक करून ठेवून पाहिली.

मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर बोटं छातीकडे येतात. इथे बोटं पाठीकडे होती आणि अंगठा पुढे, गळ्याच्या हाडाशी. अगदी समोर, काल सगळ्या नजरा होत्या तिथे, तोंडासमोर तोंड आणून उभ्या राहिलेल्या माणसानं खांदा धरावा तसं.