डबीने 'बोल' म्हटलंच नाही

जोडणीचा दिवा हिरवा होता. 'ठीक आहे', 'थांबले आहे' असे आईचे छोटे निरोप पडद्यावर नीट उमटत होते. मग कॅमेऱ्याची चित्रंच तेवढी का तुटत होती?

शर्वाणीला पडद्यावरून नजर काढवेना. सागरतळावरचं काम आटोपून आई पाणबुड्या कुपीत बसून वर आली होती, अगदी या तरत्या केंद्राच्या पोटाखाली. आता यांत्रिक हाताने कुपी धरायची, की झालं. तो हात आजोबा चालवत. पण चित्राशिवाय चालवला तर कुपी फुटायची भीती, आणि कुपीतली हवा अंधार पडेपर्यंतच पुरणार होती.

"वैजू, धीर धर. बोल," आजोबा पाणफोनमध्ये (पाण्यातून आवाज पोचवणाऱ्या यंत्रात) म्हणाले.

"धरलाय, बाबा. शर्वी जेवली का? बोल."

"तू आल्यावर जेवणार. बोल," शर्वाणी म्हणाली.

पाणफोनवर एका वेळी एकालाच बोलता येई. म्हणून 'बोल' ऐकल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, अशी या घराची रीतच पडली होती. जेवतानासुद्धा.

टेबलावर मीडिया कन्व्हर्टर होता (काचतंतूतले प्रकाशाचे संकेत तारेतल्या विजेच्या संकेतांत आणि विजेचे प्रकाशाच्या संकेतांत बदलणारी डबी). खालून येणारी चित्रं आणि निरोप यातूनच संगणकात पोचत. त्याचं झाकण सैल दिसत होतं.

"आजोबा, ही उघडली होती?"

"सकाळी. वेगाचा खटका 'आपोआप'वर होता. म्हटलं, वादळी हवा आहे, ऐनवेळी घोळ नको. वेग पक्का बांधून टाकला."

"आणि संगणकाचा?"

"तो आपोआपच…" आजोबा थांबले. मग सावकाश सांगू लागले, "आपोआपवरची दोन यंत्रं जोडली की आधी एकमेकांना विचारतात. वेग किती झेपेल? दोघांनी एकदम बोलायचं की आळीपाळीने? मी डबीचा वेग बांधला, तशी ती या प्रश्नांपुरती मुकीच झाली. संगणकाने वेग तेवढा ताडला."

"आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर?"

"मिळालंच नाही. मग तो आळीपाळीची जुनी रीत धरतो. डबी मात्र दोन्हीकडून एकदम बोलणारी."

शर्वाणीने पाणफोनकडे पाहिलं. "म्हणजे संगणक आपल्यासारखा, 'बोल'ची वाट बघणारा. डबी थांबतच नाही. दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळलं की तो अर्ध्यातच सोडून देतो. छोटे निरोप मधल्या फटीतून निसटतात. चित्रं लांबलचक, ती सापडतातच."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, मी पक्कं करतोय."

"एकट्यानेच पक्कं करून कसं चालेल, आजोबा? समोरच्याला विचारायला नको?"

तिने नखाने खटका 'आपोआप'वर सरकवला, तार काढून पुन्हा जोडली. दिवा विझला. खिडकीबाहेर पाणी काळवंडत चाललं होतं. दिवा पुन्हा लागला, तसाच हिरवा.

पण आता पडद्यावर कुपीचं कडं स्वच्छ दिसत होतं. यांत्रिक हात हळूहळू खाली गेला, कड्याभोवती मिटला.

"धरलं," आजोबा पुटपुटले. बराच वेळ त्यांनी यांत्रिक हाताचा दांडा सोडला नाही. मग म्हणाले, "पुढे इथे पुष्कळ कुप्या उतरतील, शर्वी. प्रत्येकीला आधी विचारायला शिकवू."

कुपीचं झाकण उघडलं. घामाने ओल्या केसांची आई वर आली आणि शर्वाणी तिला बिलगली. सांगायचं खूप होतं. आता दोघी एकदम बोलल्या तरी काही बिघडणार नव्हतं.

तरी ती आईकडे बघून एवढंच म्हणाली, "बोल."